सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णाला डिस्चार्ज कार्ड मिळते. कोणत्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पुन्हा कधी दाखवायला यायचे, त्रास वाढला तर काय करायचे, हे त्यावर लिहिलेले असते. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला त्याचे जमा केलेले सामान, थोडेफार पैसे आणि सुटकेचा कागद मिळतो. त्याचे क्षयरोगाचे उपचार चालू असतील, मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील किंवा आत येण्यापूर्वी त्याला गर्दचे व्यसन असेल, तर उद्यापासून त्याच्याकडे कोण पाहणार, हे अनेकदा ठरलेलेच नसते.

वैद्यकीयदृष्ट्या हा काळ फार नाजूक असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तेथील इतर रहिवाशांच्या तुलनेत सुमारे १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूचा धोका तर १२९ पट होता. त्याखेरीज हृदयविकार, खून आणि आत्महत्या ही मृत्यूची मोठी कारणे होती.

धोका नेमका कशाचा?

गर्द, हेरॉईन, अफू यांची शरीराला हळूहळू सवय होते. नशेसाठी मात्रा वाढवावी लागते आणि ती वाढलेली मात्रा शरीर सोसतेही. काही महिने नशा बंद राहिली की ही सोसण्याची ताकद ओसरते. ओढ मात्र मनात राहते. सुटलेला माणूस जुन्या वस्तीत, जुन्या सोबत्यांत परततो आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतो. मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते आणि झोपेतच श्वास थांबतो.

जो वाचतो, त्याच्यापुढे दुसरा प्रश्न असतो. हाताला काम नाही, भाड्याने खोली मिळत नाही, घरचे दार उघडेल याची खात्री नाही. व्यसनाला रोज पैसा लागतो. पुढची चोरी, पुढची मारामारी याच वाटेवर घडण्याची भीती असते. म्हणजे त्या माणसाची तब्येत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटलेल्या २२ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच माणसाचा औषध चालू असलेला काळ आणि बंद असलेला काळ यांची त्यात तुलना होती. गंभीर मनोविकारांवरील औषधे चालू असताना हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी, तर व्यसनमुक्तीची औषधे चालू असताना निम्म्याहून अधिक कमी आढळले. असा अभ्यास कार्यकारणाचा शेवटचा पुरावा ठरत नाही. पण उपचार चालू ठेवणे हा पोलीस बंदोबस्ताइतकाच सार्वजनिक सुरक्षेचा विषय आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

देखरेखीचाही डोस असतो

गुन्हेगाराला समाजात ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायचे, याला परिविक्षा किंवा प्रोबेशन म्हणतात. या पद्धतीची सुरुवात एका दारुड्यापासून झाली. १८४१ मध्ये बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे बनवणाऱ्या कारागिराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपीचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत, नीटनेटका होऊन परत आला आणि न्यायाधीशांनी त्याला एक सेंट एवढाच नाममात्र दंड केला. पुढील १८ वर्षांत ऑगस्टस यांनी जवळपास दोन हजार जणांची जबाबदारी घेतली. ते नुसता पहारा करत नसत. राहायला जागा आणि करायला काम शोधून देत.

मधल्या काळात अनेक ठिकाणी यातला आधार गळाला आणि पहारा तेवढा उरला. वारंवार हजेरी, अचानक लघवीची तपासणी, घरी धडकणे अशा कडक देखरेखीची अमेरिकेत १४ ठिकाणी चाचणी झाली. १९९३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे नव्या अटका कमी झाल्या नाहीत, उलट अटी मोडल्याच्या नोंदी वाढल्या. देखरेखीला समुपदेशन, काम आणि व्यसनावरील उपचारांची जोड मिळाली, तिथे चित्र बरे होते.

दुसरा धडा डॉक्टरांना ओळखीचा वाटेल. साध्या सर्दीला अतिदक्षता विभाग लागत नाही. कमी धोक्याच्या माणसाला सराईत गुन्हेगारांसोबत बसवले आणि रोज हजेरीसाठी कामावरून उठवले, तर तो बिघडण्याचीच शक्यता वाढते. ज्याचा धोका जास्त, त्याच्यावर लक्ष आणि मदत जास्त, आणि तीही त्याच्या गुन्ह्यामागच्या कारणावर नेम धरून द्यावी लागते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे १९५८ पासून परिविक्षेचा कायदा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषी व्यक्तीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. ही हमी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाचे जिल्हा परिविक्षा अधिकारी पाहतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ नुसार थोड्या मात्रेच्या प्रकरणात व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारासाठी सोडता येते. वर्षभरात उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा लागतो.

मोठी अडचण कच्च्या कैद्यांची आहे. देशातील तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे आहेत. त्यांच्या सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते. जामिनाचा आदेश आला की माणूस बाहेर पडतो. त्याचा उपचाराचा कागद तुरुंगातच राहतो आणि सहा महिन्यांचा क्षयरोगाचा कोर्स अर्ध्यावर तुटतो. म्हणून सुटकेची तयारी शेवटच्या दिवशी करून भागणार नाही. ती दाखल झाल्याच्या दिवसापासून व्हायला हवी.

‘गुन्हेगाराचे लाड कशाला?’ असे कोणी विचारेल. ज्याचे नुकसान झाले, त्याचा हा प्रश्न रास्त आहे. १९५८ च्या कायद्यातही पीडिताला भरपाई देण्याची तरतूद आहे. पण तुरुंगात गेलेले बहुतेक लोक एक ना एक दिवस आपल्याच गल्लीत परततात. ते कोणत्या अवस्थेत परततात, यावर पुढच्या संभाव्य पीडिताचे नशीब ठरते.

घरच्यांनी काय करावे?

• भेटीच्या वेळी चालू औषधांची माहिती विचारून ठेवा. सुटताना उपचाराचा कागद मागून घ्या.

• पहिल्या आठवड्यातच सरकारी रुग्णालयात दाखवा. क्षयरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात.

• पूर्वी गर्दचे व्यसन असेल, तर ‘एकदाच, पूर्वीइतकेच’ घेणेही जीवघेणे ठरू शकते, हे त्याला स्पष्ट सांगा.

• हलवूनही जाग येत नसेल, श्वास संथ झाला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा.

• व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक जवळ ठेवा.

पहिले पंधरा दिवस कोणीतरी त्याच्या सोबत असावे. जेवण, झोप, औषध आणि ठरलेल्या दिवशी दवाखाना, एवढे सांभाळले तरी पुढच्या दिवसांचा पाया घातला जातो.