‘कुणाचा रे तू?’

पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. राजगडाची एक वाट येथून फुटते. अशा गावात अनोळखी पोर दिसले की वडीलधारी माणसे विचारतात, “कुणाचा रे तू?” बाप, आडनाव, आळी कळली की त्यांचे समाधान होते. पण तेच पोर तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याच्या मनात निराळाच प्रश्न उभा राहतो : ‘मी कोण?’ पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजेच मोठे होणे. मराठी चित्रपटाने ते कसे दाखविले, हे दोन उदाहरणांनी पाहू.

साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला ‘श्यामची आई’ १९५३ सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली त्यालाच मिळाले. श्याम घडतो तो आईच्या संस्कारांनी. मूळ पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते. ती तिच्या डोक्यावर चढवून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असे आई श्यामला सांगते. त्या काळी एवढेही धाडसाचेच होते. श्याम दया शिकला. परंतु ‘कुणाचा तू?’ या प्रश्नाचे उत्तर देताना त्याला कधी मान खाली घालावी लागली नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) ही गोष्ट जणू मोळीखालच्या माणसाकडून सांगतो. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. शाळेत जाणाऱ्या जब्याला वर्गातली एक मुलगी आवडते. आपणही चारचौघांसारखे दिसावे, एवढीच त्याची इच्छा. घराण्याकडे मात्र गावची डुकरे पकडण्याचे काम. बहिणीच्या लग्नासाठी पैसा हवा, म्हणून बाप ते काम पत्करतो आणि वर्गमित्रांच्या देखत जब्यालाही डुकरामागे धावावे लागते. तो लपतो. त्याला आधी लाज वाटते ती स्वतःच्या बापाची. पुढे बघ्यांची टिंगल असह्य होते, तेव्हा त्याला उमगते की लाज वाटायला हवी ती हसणाऱ्यांना. अखेर त्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकांच्या अंगावर येतो.

तो आपल्याच अंगावर का यावा? कारण हसणारे गावकरी आपल्याहून फारसे वेगळे नाहीत. श्यामला घडविणारी आई होती. जब्याला अपमानाने एका दिवसात मोठे केले. पहिल्या चित्रपटाने आपले डोळे ओले केले, दुसऱ्याने खाली वळविले. दोन्ही आवश्यकच होते.

आपल्या गावांतूनही मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात. तेथे घरचा धंदा विचारला की एखादे पोर अडखळते. त्याला धीट हो म्हणून सांगणे सोपे आहे. त्याहून अवघड, पण आपल्याच हातचे काम एक आहे : ‘कुणाचा रे तू?’ असे विचारल्यावर उत्तर काहीही येवो, आपला आवाज बदलता कामा नये.