कोकणात सूर्य बुडतो, मग रात्रीच का निघायचं?

शुक्रवारी दुपारी ग्रुपवर मेसेज पडतो, 'चला, दिवेआगर!' मग शेवटचं प्रॅक्टिकल, सबमिशन, घरी जाऊन बॅग भरणं, कुणाच्या तरी बाबांकडून गाडीची किल्ली मिळवणं असं करत करत पुण्यातून निघायला रात्रीचे साडेअकरा वाजतात. 'रस्ता मोकळा मिळेल, पहाटे थेट बीचवर' हे त्यामागचं लॉजिक. ऐकायला भारी वाटतं. पेट्रोलचा हिशेब होतो, रूमचा होतो, कोण किती देणार याचाही होतो. स्टिअरिंगवर बसणारा किती वाजल्यापासून जागा आहे, एवढाच हिशेब राहून जातो.

तो आज करूया. सकाळी साडेसहाला उठलेल्या माणसाला रात्री साडेअकराला जागून १७ तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक तुलना मांडली होती. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे जेवढे मंदावतात, ते साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं असतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, एक थेंबही न घेता आपला ड्रायव्हर मर्यादेच्या बाहेर असल्यासारखा गाडी चालवायला बसतो. फरक इतकाच, की नाकाबंदीवर फुंकर मारून झोप पकडता येत नाही.

सगळ्यात अवघड रस्ता, सगळ्यात वाईट वेळेला

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे म्हसळ्यावरून दिवेआगर. घाटात वळणं असतात, दरी असते, त्यामुळे आपण सावध असतो. घाट उतरला की गाडीतले सगळे 'सुटलो बुवा' म्हणतात. मागचे झोपतात आणि ड्रायव्हरचं अंगही सैल पडतं. तेव्हा घड्याळात दोन-अडीच वाजलेले असतात. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळ झोपेकडे सगळ्यात जास्त ओढत असतं. आणि नेमका तेव्हाच गावांतून जाणारा अरुंद रस्ता सुरू होतो.

तो किती अरुंद? एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर धरतात. एसटी सुमारे अडीच मीटर रुंद, तुमची कार पावणेदोन मीटरच्या आसपास. बेरीज केली तर समजतं, की दोघांना डांबरावर जागाच नाही. कुणाला तरी थांबावं लागणार, साइडपट्टीवर उतरावं लागणार किंवा मागे घ्यावं लागणार. हा निर्णय दोन सेकंदांत घ्यायचा असतो आणि दमलेल्या मेंदूला नेमकी तीच दोन सेकंदं जास्त लागतात. ताशी ४० च्या वेगानेही दोन सेकंदांत गाडी २२ मीटर पुढे जाते. ताशी ६० ला चार सेकंद डोळा लागला, तर जवळपास ६७ मीटर. तेवढ्यात आख्खं वळण संपतं. बाइकवर तर तोल सावरायलाही वेळ मिळत नाही.

अरुंद रस्त्याची रीत

घाटात दोन गाड्या एकत्र मावत नसतील तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ही नुसती माणुसकी नाही, नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण, हे क्लच जाळलेल्या कुणालाही विचारा.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायच्या भानगडीत पडू नका. साधारण ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

पुढचं दिसत नसलेल्या वळणावर दिवसा हॉर्न द्या, रात्री डिपर मारा, आणि वळण कापायला उजवीकडे जाऊ नका. समोरचाही तेच करत असू शकतो. समोरून अप्पर लाइट डोळ्यांवर आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. धुक्यात अप्पर नकोच, समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसाळ्यात साइडपट्टीची माती भुसभुशीत होते. तिच्यावर चाक उतरवायचंच असेल तर अगदी हळू, शक्यतो कुणाला तरी खाली उतरवून. आणि फोटोसाठी वळणावर गाडी लावणं? प्लीज, नको.

डुलकीशी पंगा नको

'काच खाली कर, गाणी मोठ्याने लाव' हा आपला राष्ट्रीय उपाय. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नव्वदच्या दशकात झोपाळू ड्रायव्हरना सिम्युलेटरवर बसवून हे तपासलं. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग अगदी तात्पुरता निघाला. उपयोगी पडल्या दोनच गोष्टी, कॉफी आणि छोटी डुलकी. दोन्ही एकत्र केल्या तर आणखी चांगलं. कॅफीन चढायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून आधी कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं सीट मागे करून पडायचं. टपरीवरच्या कटिंगमध्ये कॅफीन कमी असतं, तेव्हा एका घोटावर फार विसंबू नका. आणि गाडी उभी करायची ती पंपावर किंवा ढाब्यावर, उजेडात. रस्त्याच्या कडेला अंधारात नाही.

हा उपाय म्हणजे उधारी आहे. त्यावर जवळचं मुक्काम करण्याचं ठिकाण गाठता येतं, आख्खी रात्र काढता येत नाही. खूण ओळखायला सोपी आहे. मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, जांभया थांबत नाहीत, गाडी पट्ट्याबाहेर जाते, गिअर उशिरा पडतो. यातलं एकही झालं, तर थांबायची वेळ झालेली नसते, टळून गेलेली असते.

त्यापेक्षा मुळातच प्लॅन बदला. शुक्रवारी रात्री गुपचूप झोपा, शनिवारी सकाळी सहाला निघा. घाट उजेडात लागतो, वळणावरची म्हैस लांबून दिसते, नाश्ता वाटेत होतो आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही दिवेआगरात असता. तसाही कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो तो डोंगरामागून. त्यासाठी रात्रभर धावण्यात काय पॉइंट आहे?

शेजारच्या सीटची ड्युटी

ड्रायव्हरशेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, हा ग्रुपचा नियमच करून टाका. झोप येत असेल तर मागे जायचं, जागा असलेल्याने पुढे यायचं. लायसन्स असलेले दोघं असतील तर दर दोन तासांनी बदली करा. 'मीच चालवणार' म्हणणाऱ्याचा मान राखायला बाकी चौघांचा जीव पणाला लावायची गरज नाही.

आणि किल्ली फिरवण्याआधी त्याला किंवा तिला 'झोप येतेय का?' असं विचारू नका. त्यावर 'छे रे, एकदम फ्रेश' हेच उत्तर येणार. विचारायचं ते असं, 'आज किती वाजता उठलास?' बाकीचा हिशेब बोटांवर होतो.