साडेसोळा मिलिमीटरचा करार

हाताच्या पंजात मावेल अशी स्टीलची एक चपटी पट्टी. कडांना निरनिराळ्या मापांच्या खाचा, मधेच पुढे आलेले बारीक दाते. दाते दोन रुळांच्या मध्ये बसवून पाहिले की रूळ फाकलेत की आवळलेत ते समजतं. खाचा चाकांना लावल्या की जोडीतल्या दोन चाकांमधलं अंतर समजतं. पट्टी रुळांवर उभी धरून बोगद्यातून सरकवली की डबा कुठे घासणार तेही समजतं. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची, म्हणजे एनएमआरएची, ही मापपट्टी. छोट्या रेल्वेच्या छंदात वीस-तीस वर्षांनी परतणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी कोणती वस्तू हातात घ्यावी असं विचारलं, तर मी हिचंच नाव घेईन.

अमेरिकेत आणि युरोपात या छंदाकडे परत येणारे पुष्कळ असतात. नाताळात मिळालेला पहिला संच, रुळांचं एक लंबवर्तुळ, चार फूट बाय आठ फूट प्लायवूडवर वसवलेलं गाव. मग कॉलेज, नोकरी, भाड्याची घरं, मुलंबाळं. इंजिनं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातात, खोकी पोटमाळ्यावर किंवा तळघरात. मुलं घराबाहेर पडून एक खोली रिकामी झाली की कधीतरी ती खोकी खाली उतरवली जातात. तेव्हा मनात एकच प्रश्न असतो : यातलं आता काही चालेल का?

उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असं असतं, आणि ही साधी गोष्ट नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकाचा आजच्या संगणकाला काडीचा उपयोग होत नाही. पण 1960च्या दशकातलं एचओ मापाचं इंजिन आज सकाळी दुकानातून आणलेल्या रुळांवर ठेवलं तर नीट बसतं, आणि त्याची मोटर शाबूत असेल तर चालतंही. मधल्या काळात कारखाने बदलले, काही बुडाले, उत्पादन एका देशातून दुसऱ्या देशात गेलं. टिकलं ते दोन रुळांमधलं अंतर : साडेसोळा मिलिमीटर.

मिलवॉकीतली बैठक

हे अंतर आलं कुठून? अमेरिका-युरोपातल्या प्रमाण रुळांची रुंदी 1,435 मिलिमीटर. एचओ मापात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रत्येक वस्तू सुमारे सत्त्याऐंशी पटीने लहान होते. त्या हिशेबाने रूळ साडेसोळा मिलिमीटरवर येतात. आधीच्या ‘ओ’ मापाच्या निम्मं, म्हणून ‘हाफ ओ’, म्हणजे एचओ.

माप ठरवणं सोपं असतं, ते सगळ्यांनी पाळणं अवघड. जर्मनीतल्या म्यर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची मालिका मांडली, तेव्हापासून खेळण्यातल्या गाड्यांना मापांचे क्रमांक मिळाले. तरी 1930च्या दशकातल्या अमेरिकेत एका कारखान्याचं चाक दुसऱ्याच्या सांध्यावर अडकायचं, एकाची डबे जोडणारी कपलिंग दुसऱ्याला लागायची नाही. मिलवॉकी शहरात तेव्हा या छंदाची गर्दी जमू लागली होती. वॉल्दर्स ही सुट्या भागांची कंपनी तिथे 1932 मध्ये सुरू झाली, आणि ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकाचा पहिला अंक अल काल्मबाख यांनी तिथूनच जानेवारी 1934 मध्ये काढला. त्याच शहरात 1935 मध्ये छंदिष्टांनी एकत्र येऊन एनएमआरए स्थापन केली आणि मापांचा प्रश्न हाती घेतला. चाकाची किनार किती खोल असावी, सांध्यातली फट किती रुंद असावी, हे कागदावर उतरू लागलं. कायद्याचं बळ त्यामागे नव्हतं. गिऱ्हाईक माप विचारू लागलं म्हणून कारखानदार माप पाळू लागले. युरोपात हेच काम 1954 मध्ये स्थापन झालेल्या मोरोप या संघाने केलं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथली खरी इंजिनं अंगाने लहान, त्यामुळे एचओ मापात त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटरी मावत नव्हत्या. म्हणून इंजिनं थोडी मोठी केली, फुटाला चार मिलिमीटर, आणि रूळ मात्र तेच साडेसोळाचे ठेवले. इंग्लंडच्या ‘ओओ’ गाड्या आजही आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवर धावतात. काटेकोर लोकांनी 18.83 मिलिमीटरचे अचूक रूळ घालून पाहिले, पण त्यासाठी बहुतेक सगळं हाताने करावं लागतं. बाकीच्यांनी अचूकपणा थोडा सोडला आणि एकमेकांच्या रुळांवर गाडी नेण्याची सोय राखली.

खोकं उघडल्यावर

जुनं इंजिन बाहेर काढून लगेच वीज देऊ नये. आधी वरचं कवच उतरवावं. आत वंगणाचा डिंक झालेला असतो. तो खरवडून, पुसून काढावा आणि प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब द्यावा. मोटरचा कम्युटेटर काळा पडलेला असेल तर साफ करावा, कार्बन ब्रश झिजलेत का पाहावं. चाकांवरची रबरी कडी वाळून तुटलेली असतात, ती नवी मिळतात. चालताना प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा एकसारखा आवाज आला तर आसावरचं प्लास्टिकचं दातेरी चक्र तडकलंय असं समजावं. हे फार जुनं, सर्वांच्या ओळखीचं दुखणं आहे आणि सुटा भाग बदलला की ते संपतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काही इंजिनांना मात्र औषध नाही. तेव्हाच्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल तर सांगाडा आतून फुगतो, तडे जातात आणि एक दिवस त्याचा भुगा होतो.

जुने रूळ पितळी असतील तर त्यांचा मोह सोडावा. पितळ लवकर काळवंडतं आणि चाकापर्यंत वीज पोचत नाही. आताचे रूळ आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या धातूचे असतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यांनाही पुसावं लागतं, पण रोज नाही.

करार न झाल्याने काय होतं ते कपलिंगमध्ये दिसतं. 1950च्या दशकात एक शिंगासारखी प्लास्टिकची कपलिंग आली. ती दिसायला खऱ्यासारखी नव्हती, वागायलाही नव्हती, पण तिच्यावर कोणाची मालकी नसल्याने अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांनी ती लावली. केडी कंपनीची धातूची कपलिंग उजवी होती. खऱ्या गाडीसारखी मूठ वळून बसायची, आणि रुळांमधल्या चुंबकावर गाडी थांबवली की हात न लावता सुटायची. पण तिचं पेटंट होतं, म्हणून ज्याला हवी त्याने ती वेगळी विकत घेऊन बसवायची. पेटंटची मुदत संपल्यावर बाकीच्यांनीही तशाच कपलिंग बनवल्या आणि शिंगवाली मागे पडली. परतणाऱ्याच्या जुन्या वाघिणी आज नव्या गाडीला लागत नाहीत त्या यामुळे. उपाय आहे : एका डब्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काही मिनिटं द्यायची.

रुळांतून वाहणारा निरोप

सगळ्यात मोठा बदल विजेत झाला. जुन्या पद्धतीत रुळांतून 12 व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह जायचा. व्होल्ट वाढवले की वेग वाढायचा, तारा उलट केल्या की गाडी मागे जायची. एकाच रुळावरची दोन इंजिनं मग एकदमच हलायची. त्यांना वेगळं चालवायचं तर रुळांचे तुकडे विजेपासून अलग करावे लागत आणि प्रत्येक तुकड्याला एक खटका. मोठ्या लेआउटखाली तारांचं रान माजायचं.

1990च्या दशकात डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, ही पद्धत रुळली. जर्मनीच्या लेन्झ कंपनीची रचना पायाभूत मानून एनएमआरएने तिचं खुलं मानक केलं. आता रुळांत सतत पूर्ण दाब असतो, पण त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. अर्धा ठोका सुमारे 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. म्हणजे इंजिनाला शक्ती देणाऱ्या रुळांतूनच निरोपही जातो. प्रत्येक इंजिनात नखाएवढा डिकोडर असतो, त्याला स्वतःचा पत्ता असतो, आणि तो आपल्या नावाचाच निरोप ऐकतो. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा 3 असतो. आपण तो बदलून इंजिनावर रंगवलेला क्रमांक देतो. शिट्टी, ब्रेकचा किरकिराट, वाफेचे उसासे हे सगळं त्याच चिपमधून येतं.

जुन्या इंजिनाला डिकोडर बसवता येतो, पण एक पथ्य पाळून. पूर्वी मोटरचं एक टोक सरळ धातूच्या सांगाड्याला टेकवलेलं असे. ते सोडवून मोटर पूर्ण अलग केल्याशिवाय डाख द्यायला बसू नये, नाहीतर डिकोडर जळतो. मोटर अडवून धरल्यावर किती अँपिअर ओढते तेही मोजावं आणि डिकोडरच्या क्षमतेशी ताडून पाहावं. ज्याला इतक्यात हे नको, त्याने जुना कंट्रोलरच वापरावा. आजची बरीच डिकोडरवाली इंजिनं त्यावरही चालतात. मागे राहिलेल्याला सामावून घ्यायची ही रीत विजेतही पाळली गेली.

गायक नील यंग यांचं नाव इथे घ्यायला हवं. बालपणीचा हा छंद त्यांनी मुलगा बेन याच्यासाठी पुन्हा जवळ केला. बेनला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला गाडी स्वतः चालवता यावी म्हणून यंग यांनी नियंत्रकावर काम केलं. त्या प्रयत्नांतून पुढे छोट्या गाड्या बनवणाऱ्या लायनेल कंपनीच्या नव्या नियंत्रण पद्धतीला हातभार लागला, आणि 1995 मध्ये ते त्या कंपनीच्या मालकीत भागीदार झाले.

जागा नसलेल्यांसाठी, आणि आपल्यासाठी

तळघर सगळ्यांना नसतं. कॅलिफोर्नियात 1970च्या दशकात एनट्रॅक ही फळ्या जोडायची पद्धत सुरू झाली ती या अडचणीतून. एन मापाच्या, म्हणजे नऊ मिलिमीटर रुळांच्या, छोट्या फळ्या. कडेला रूळ ठरावीक जागीच बाहेर यायला हवेत, एवढा नियम. मधे डोंगर करा, बंदर करा, काही करा. मेळाव्यात अनोळखी माणसांच्या फळ्या जोडल्या की गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात कपाटावर मावेल अशीच ही सोय आहे.

महाराष्ट्रात या छंदाचं दार पुण्याला कोथरूडमध्ये आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्यांचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी तिथे खुलं झालं. कितीतरी मुलांनी छोटी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती तिथे.

भारतीय रेल्वे मापात घडवणाऱ्याला इंग्रजांचाच पेच पडतो. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटर, म्हणजे एचओ मापात तो सव्वाएकोणीसच्या आसपास येतो. साडेसोळावर चालवला तर पावणेतीन मिलिमीटरची तूट. तरी तयार सांधे, तयार चाकं आणि तयार मोटरी साडेसोळाच्याच मिळतात. आपलं डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या रचनेचं, म्हणून त्याच घराण्यातल्या अमेरिकन मॉडेलचा सांगाडा खाली घेऊन वर प्लास्टिक पत्र्याचं किंवा थ्रीडी छापलेलं कवच चढवता येतं. माथेरानची 610 मिलिमीटरची गाडी तर एचओत सात मिलिमीटरवर येते आणि झेड मापाच्या साडेसहा मिलिमीटर रुळांना जाऊन भिडते. रुंदीत थोडं कमी-जास्त सोसून तिला जगभरच्या सुट्या भागांचं भांडार मिळतं.

मला या छंदाबद्दल सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. मापं लिहिणारे लोक पगारी नव्हते, स्वतःच हौशी होते. आपलं इंजिन आपल्याच घरात नीट धावावं एवढंच त्यांना हवं असतं तर प्रत्येकाला आपलं वेगळं माप पुरलं असतं. त्यांनी पुढच्या अनोळखी माणसाचाही विचार केला. म्हणून परत येणाऱ्यावरही थोडी जबाबदारी येते. चाकं आणि सांधे मापात ठेवावेत, डिकोडरचा पत्ता इंजिनाच्या पोटाला लिहून ठेवावा, कोणतं चक्र बदललं त्याची चिठ्ठी खोक्यात टाकावी. आपण पुन्हा दूर जाऊ शकतो, किंवा ते खोकं दुसऱ्या कोणाच्या हाती पडू शकतं. जो उघडेल त्याला इंजिन रुळांवर ठेवून लगेच चालवता आलं पाहिजे.