सणाला या, ऐकायला या!



सणासुदीला लोधीखेड्याकडे यायचा बेत असेल, तर आमच्या भागात चौकात आणि अंगणात काय काय ऐकायला मिळतं, त्याची ही ओळख. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, आपला सौंसर-पांढुर्णा भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे इथल्या लेकरांना मराठी पुस्तकातून कमी आणि कानावर पडून जास्त येते.

पहिला मान पोळ्याच्या झडत्यांचा. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की एकेक जण खड्या आवाजात झडती म्हणतो. त्यात शेतीचं दुखणं असतं, सावकाराला आणि पुढाऱ्याला चिमटेही असतात. शेवटी सगळ्यांचा मिळून महादेवाचा गजर.

मग खंजिरी भजन. ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची देणगी. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही ते खंजिरी घेऊन गेले होते. त्यांनी मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत भजनं रचली. म्हणून एकाच सतरंजीवर बसलेली आजी आणि हिंदी शाळेतला नातू, दोघंही सोबत टाळ्या धरतात.

रात्र चढली की खडी गंमत. शाहीर उभ्यानं गातात, सोबत ढोलकी, तुणतुणं आणि डफ. स्त्रीची भूमिका परंपरेनं पुरुषच करतात. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. सवाल-जवाब रंगला की उठवत नाही. पण अलीकडे समोर बसलेल्यांत पांढरी डोकीच जास्त दिसतात. शाहिराचा सवालच कळला नाही, तर पोरगं तिथं थांबेल कशाला?

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. पोरी घरोघरी गाणी म्हणतात, नंतर डबा हलवून खिरापत ओळखायची. या खेळात शब्द आपोआप पाठ होतात.

तेव्हा येताना लेकरांना आणा आणि पुढच्या रांगेत बसवा. एखादा शब्द अडला तर तिथंच कानात सांगा. भुलाबाईच्या दिवसांत याल, तर आपल्या घरची खिरापतही डब्यात घालून आणा. ओळखायला पोरी तयारच असतात.