कुत्रं पाळण्याआधी : मुलांचा हट्ट आणि घरातलं गणित



'माझा आवडता प्राणी' हा निबंध तिसरी-चौथीच्या वर्गाला दिला की निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये कुत्रा असतो. वाक्यंही ठरलेली असतात. कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय व एक शेपूट असते. तो घराची राखण करतो. हे सगळं बरोबरच आहे. पण त्याची शी कोण उचलतं, सकाळी सहाला त्याला बाहेर कोण नेतं, आपण गावाला गेलो की तो कुठे राहतो, हे एकाही वहीत सापडत नाही. मुलांना ते माहीत असण्याचं कारणही नाही. पण घरात पिल्लू आणायचं ठरवणाऱ्या मोठ्यांना ते माहीत हवं.

पालकसभा संपली की कुणीतरी हळूच विचारतं, "बाई, पोरगं पिल्लासाठी अडून बसलंय. आणू का?" मी हो किंवा नाही सांगत नाही. मी विचारते, "तुमच्या घरात कुत्र्याचं काम कोण करणार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "तोच करीन म्हणतोय की!" इथेच जरा थांबायला हवं.

मूल आज आठ वर्षांचं आहे असं धरा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, लहान चणीच्या जाती त्याहूनही जास्त. म्हणजे कुत्रा म्हातारा होईल, त्याला जिना चढवणार नाही, तेव्हा तुमचं मूल वीस वर्षांचं असेल आणि बहुधा वसतिगृहात असेल. आठ वर्षांच्या मुलाने दिलेला शब्द खोटा नसतो, पण तो बारा वर्षं टिकेल अशी अपेक्षा आपणच करू नये. कुत्रा मुलासाठी आणला तरी तो असतो आई-वडिलांचा. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा!

आता थोडं गणित करू. हे उदाहरण चौथी-पाचवीच्या वर्गातही घेता येईल, मुलांना आवडतं. कुत्र्याला सकाळी वीस मिनिटं आणि रात्री वीस मिनिटं फिरवायचं, म्हणजे रोज ४० मिनिटं. वर्षाचे झाले १४,६०० मिनिटं, म्हणजे सुमारे २४३ तास. बारा वर्षांचे झाले जवळजवळ २,९२० तास. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गाला वर्षाला ८०० तास अध्यापन व्हावं लागतं. म्हणजे नुसतं फिरवायलाच आपल्या प्राथमिक शाळेची साडेतीन वर्षांहून जास्त तासिका! यात आंघोळ, गोचीड काढणं, दवाखाना, केस झाडणं काही धरलेलं नाही. आणि या तासिकेला दिवाळीची सुट्टी नाही, पावसाची नाही, घरात कुणाला ताप आला तरी नाही.

हे तास घरातल्या कुणाच्या नावावर लिहायचे ते आधी ठरवा. खरंच कागदावर लिहा. बऱ्याच घरांत असं होतं की हट्ट मुलाचा, हौस वडिलांची आणि महिन्याभरात सगळं काम आईच्या किंवा आजीच्या गळ्यात. ज्यांच्या वाट्याला काम येणार त्यांचं मत सगळ्यात आधी विचारा. आजीचे गुडघे दुखत असतील तर पट्टा ओढणारा लॅब्रॅडॉर तिच्या हातात देणं धोक्याचं आहे, ती पडू शकते.

आपल्या शिक्षक मंडळींना आणखी एक प्रश्न असतो, बदलीचा. नवीन गावात भाड्याची खोली शोधताना 'कुत्रा आहे' म्हटलं की निम्मी घरमालक मंडळी दार लावतात. स्वतःची सदनिका असेल तर परिस्थिती जरा बरी. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला नुसता ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण जिन्यात घाण झाली तर ती उचलायची जबाबदारी आपलीच. पुणे-मुंबईसारख्या महापालिकांच्या हद्दीत कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण गावागणिक आणि कुत्र्यागणिक तो बदलतो. पण पिल्लाची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च असतो, एवढं नक्की. खाणं, दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध आणि अचानक आलेलं आजारपण. पार्व्होसारख्या आजारात पिल्लाला रक्ताची हगवण लागते, सलाईन लावावं लागतं आणि कधी कधी एवढं करूनही ते वाचत नाही. यावर लस आहे आणि ती पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की सुरू होते. खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दूध-भाकरी घातली की झालं असं समजतात. वाढत्या पिल्लाला त्याने पुरेसं पोषण मिळत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण हे तर कुत्र्याला विषासारखं. मुलं प्रेमाने डब्यातलं चॉकलेट भरवतात, म्हणून हे घरी आणि वर्गात दोन्हीकडे सांगायला हवं.

पिल्लू किती दिवसांचं घ्यावं? आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. विक्रीच्या २०१७ च्या नियमांतही दोन महिन्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. त्याला आईचं दूध तर हवंच असतं, पण भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं नाही हेही ते तिथेच शिकतं. डोळे उघडल्या उघडल्या उचलून आणलेलं पिल्लू गोंडस दिसतं खरं, पण हा धडा त्याचा राहून जातो.

जातीबद्दल थोडंच सांगते. हस्की हा बर्फाळ प्रदेशातला कुत्रा. त्याला नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ठेवणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून बसवणं. चपट्या नाकाच्या पगला उकाड्यात श्वास घेणं जड जातं. आपला गावठी कुत्रा या हवेतच घडलेला असतो, आणि रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घेतलं तर एका जिवाची सोयही होते. कारवान आणि मुधोळ हे आपल्या भागातले देखणे कुत्रे, पण ते पळण्यासाठी जन्मलेले शिकारी आहेत. दोन खोल्यांच्या घरात त्यांना कोंडू नये. मादी आणली तर वेळेवर निर्बीजीकरण करून घ्या. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात. त्यांना घरं शोधत फिरणं सोपं नसतं.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, तो रेबीजचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण चावल्यावर लगेच योग्य उपचार झाले तर हा आजार टाळता येतो. म्हणजे सगळं काही चावल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर आहे. आणि इथेच मुलं गप्प बसतात. एक, त्यांना वाटतं की आई-बाबा कुत्र्याला सोडून देतील. दोन, 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही जुनी भीती अजून घराघरांत सांगितली जाते. ती लस केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शन दंडावर देतात, सरकारी दवाखान्यांत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि तिथे ती मोफत मिळते. एवढं सांगितलं तरी मुलांचा चेहरा सैल होतो.

म्हणून पिल्लू घरात येण्याआधी मुलाशी एक ठराव करा : "दात लागला, नख लागलं, कितीही छोटं असू दे, लगेच सांगायचं. सांगितल्याबद्दल तुला ओरडणार नाही आणि कुत्र्यालाही हाकलणार नाही." आणि हा शब्द पाळा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. मग सरळ दवाखाना. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरीच बसू नका, काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. 'दहा दिवस कुत्र्याकडे बघू, मग जाऊ' हे तर अजिबात नको. उपचार आधी सुरू करायचे, कुत्र्यावर लक्ष त्यासोबत ठेवायचं.

शिक्षकांसाठी एक सुचवते. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. जुलै १८८५ मध्ये पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. आपल्या चौथीतल्या मुलांच्या वयाचाच तो, त्यामुळे ही गोष्ट परिपाठात सांगितली तर मुलं कान देऊन ऐकतात.

मुलांना कुत्र्याची भाषाही शिकवावी लागते. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असं नाही. अंग ताठ करणं, तोंड फिरवणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं म्हणजे 'मला नको आहे'. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, तो आधी सांगतोय हे बरंच आहे. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि थेट चावतो. जेवताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. लहान मुलाला आणि कुत्र्याला एकटं सोडून स्वयंपाकघरात जायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा बऱ्याचदा तोंडावर-मानेवर बसतो.

नाही जमलं म्हणून कुत्रा दूर नेऊन सोडणारेही आहेत. 'बाहेरचे कुत्रे जगतात, हाही जगेल' असं म्हणतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, अन्न शोधता येत नाही आणि तिथले कुत्रे त्याला आत येऊ देत नाहीत. प्राण्यांना उपाशी-तहानेलं राहावं लागेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! वडापावच्या किमतीत गुन्हा, यावर काय बोलणार?

म्हणून हट्ट धरलेल्या मुलाला मी एक महिन्याचा सराव सुचवते. कुत्रा नाही, नुसता पट्टा घ्यायचा. रोज सकाळी सहाला आणि रात्री आठला, वीस-वीस मिनिटं, मूल आणि घरातला एक मोठा माणूस, दोघांनी बाहेर जाऊन यायचं. जमलं तर हा महिना जुलैचाच निवडा. किती दिवस चुकले ते भिंतीवर लिहायचं. काही घरांत आठव्या दिवशी विषय संपतो आणि कुणालाच वाईट वाटत नाही. मग शेजारच्यांच्या कुत्र्याला त्यांच्यासोबत फिरवायला जाणं, दारात पाण्याचं भांडं ठेवणं यातही मुलाचं मन रमतं.

आणि महिना पूर्ण झाला, पट्टा अजून खुंटीवर नीट टांगलेला असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लू आणण्याआधीच एकदा जाऊन या. पिल्लू आलं की लसीचं कार्ड करून घ्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर असते, पुढची कधी ते डॉक्टर लिहून देतील. ती तारीख मुलाच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या, आणि नवीन वर्षाचं कॅलेंडर आणलं की सणवार बघण्याआधी ती त्यावर उतरवून घ्या.