खेळाडूंना न विचारता झालेला करार

श्रीरामपूरच्या झहीर खानने २००३ च्या क्रिकेट विश्वचषकात १८ बळी घेतले, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. मला मात्र त्याआधीचा मैदानाबाहेरचा तंटा अधिक ओळखीचा वाटतो.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या स्पर्धांचे हक्क २००७ पर्यंत ५५ कोटी डॉलरना विकले होते. पैसे भरायचे आपण आणि लोकांच्या डोळ्यांत भरायचा प्रतिस्पर्धी, ही प्रायोजकांची भीती. म्हणून अट घातली, की स्पर्धेच्या काळात व तिच्या आगेमागे काही दिवस खेळाडूने प्रायोजकांच्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात करू नये. मंडळांनी ती मान्य केली. ज्यांना ती पाळायची, त्या खेळाडूंना विचारले कोणी? कामगाराला बाहेर बसवून झालेले असले करार मी पुष्कळ पाहिले आहेत.

२००२ साली भारतीय खेळाडूंनी एकजुटीने सह्या अडवल्या, तेव्हा कोठे अटी थोड्या सैल झाल्या. त्यांत बडी नावे होती म्हणून निभावले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. प्रेक्षकाच्या पाठीशी कोण? विश्वचषकाची प्रायोजक पेप्सी. सेंच्युरियनच्या मैदानावर एक प्रेक्षक कोका-कोला पीत होता, तर त्याला उठवून बाहेर काढले.