गाणे उभे करते की वाकवते?

१४ एप्रिलला कोल्हापूरच्या बिंदू चौकात निळा जनसागर उसळतो. या चौकातला बाबासाहेबांचा पुतळा इतर पुतळ्यांसारखा नाही. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, तो इथे उभा राहिला. सोबत महात्मा फुलेही आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीते वाजतात. पण आता ती डीजेच्या भिंतीतून येतात. छाती हादरते, पाय थिरकतात, शब्द मात्र ऐकूच येत नाहीत. शब्द गेले तर भीमगीतात उरले काय?

नाचणाऱ्या पोरांना दोष देऊन भागणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांना गावातून वाजतगाजत वरात नेता येत नव्हती, त्यांनी भर चौकात नाचणे हीसुद्धा मुक्तीच आहे. प्रश्न एवढाच, की नाचून घरी गेल्यावर मनात काय शिल्लक राहते?

काही मंडळी गाण्यांत 'आध्यात्मिक अर्थ' शोधतात. आपला धम्म तर आत्मा मानत नाही, ईश्वर मानत नाही. मग आपण हा अर्थ शोधायचा कुठे? उत्तर सोपे आहे : मनात. तथागतांनी मनालाच सर्वांत पुढचे स्थान दिले. जातिव्यवस्थेचा सर्वांत खोल घावही मनावरच बसला. माणूस स्वतःच स्वतःला हीन समजू लागला. हा घाव निव्वळ कायद्याने भरत नाही. तिथे गाणे कामी येते. एक शाहीर ओळ टाकतो, मागचे कोरस ती उचलतात, मग सारी वस्ती म्हणू लागते. एकट्याने गिळलेला अपमान तिथे सर्वांचा होतो. लाज गळून पडते, तिची जागा स्वाभिमान घेतो. मानसशास्त्राचे पुस्तक न उघडता आमच्या शाहिरांनी हे साधले.

म्हणूनच जोतिरावांनी अभंगाच्या वळणाची रचना हाती घेतली आणि तिला 'अखंड' असे वेगळे नाव दिले. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधन भरले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिले. जात्यावरच्या बायांनीही ओवीत बाबासाहेबांना गुंफले. त्या ओव्यांत बाबासाहेब नात्यातले माणूस होऊन येतात, देव्हाऱ्यातली मूर्ती होऊन नव्हे.

आज धोका नेमका इथे आहे. काही नव्या गाण्यांत बाबासाहेब नवसाला पावणारे देव झाले आहेत. चाल देवाच्या आरतीची, भाव शरणागतीचा, नाव तेवढे भीमाचे! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी तर देव-अवताराचा खेळच संपवला. मग त्यांच्याच नावाने आपण नवा देव्हारा का मांडतो आहोत?

कृतज्ञता आणि भक्ती यांत फरक आहे. कृतज्ञ माणूस ताठ उभा राहून आभार मानतो आणि पुढच्या कामाला लागतो. भक्त वाकतो आणि चमत्काराची वाट पाहत बसतो. गाणे पारखण्याची कसोटी हीच. ते ऐकून मी उभा राहतो की वाकतो?

बंधू-भगिनींनो, एक छोटी गोष्ट करू या. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात जमू या. एक भीमगीत आधी वाद्याशिवाय वाचू या. पोराबाळांना त्याचा अर्थ विचारू या, म्हाताऱ्या माणसांना ते पहिल्यांदा कुठे ऐकले ते सांगायला लावू या. मग खुशाल ढोलकीवर गाऊ या. ज्याला शब्द कळले, तो बिंदू चौकात नाचेलही आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकही उघडेल.

जयभीम!